मदत हवी आहे: परवान्याची बंदूक हातात असताना पोलीस येऊन पोहोचले, तर काय करावे?

मलप्रभाकाठ

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची शेती आहे आणि वडिलांकडे पीक संरक्षणासाठी मिळालेली बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. परवाना चालू आहे, नूतनीकरण वेळेवर होते आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करून आम्ही पावती घेतो. त्यामुळे कागदपत्रांबाबत माझी शंका नाही. शेजारी चोरी किंवा दरोडा पडला, आपण मदतीला म्हणून बंदूक घेऊन बाहेर पडलो आणि तेवढ्यात कोणीतरी ११२ वर केलेल्या फोनमुळे पोलिसांची गाडी आली, तर समोरचा बंदूकधारी हा गावातला शेतकरी आहे की दरोडेखोर, हे त्या पोलिसाने कसे ओळखावे? आणि त्याला ते कळेपर्यंत आपण काय करावे, काय मुळीच करू नये? एवढाच माझा प्रश्न आहे, पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

विचारण्याचे कारण घरातच घडले आहे. भातकापणीच्या दिवसांत एका रात्री शेजारच्या शेतघरात काही माणसे शिरली. आरडाओरडा ऐकून वडील बंदूक आणि बॅटरी घेऊन बांधावरून तिकडे गेले. ते पोहोचेपर्यंत चोर उसात पसार झाले होते. वडील अंगणात उभे असतानाच जीप आली आणि तिच्या दिव्यांचा झोत थेट त्यांच्या डोळ्यांवर पडला. कोणीतरी कन्नडमधून मोठ्याने हुकूम दिला. वडिलांना कन्नड उत्तम येते, परंतु डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते, त्यात कुत्री भुंकत होती. आवाज कोठून आला हे पाहण्यासाठी ते वळले आणि हातातली बंदूकही त्यांच्याबरोबर वळली. जीपमधून उतरलेल्या अधिकाऱ्याने पिस्तूल त्यांच्यावर रोखले होते. शेजारच्या वहिनी "अवरु नम्मवरु, होडीब्याड्री" (ते आमचेच आहेत, मारू नका) असे ओरडत मध्ये धावल्या नसत्या, तर पुढे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. फोन करणारा घाबरलेला असतो, त्याचे बोलणे नियंत्रण कक्षात नोंदवले जाते आणि तेथून ते गाडीतल्या माणसांपर्यंत जाते. या प्रवासात "शेजारचे काका बंदूक घेऊन मदतीला आलेत" यातले काका आणि मदत गळून पडतात आणि बंदूक तेवढी उरते. आपल्याकडे परवान्याची हत्यारे मुळातच थोडी असल्याने, रात्री बंदूक घेऊन उभा असलेला माणूस गुन्हेगारच असणार, असे पोलिसाला वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय गाडीतून उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात लाठीच असते. त्यांना वाटणारी भीतीही खरी असते आणि घाबरलेल्या माणसाचा निर्णय क्षणात होतो.

उलट बाजूचा धोकाही तेवढाच आहे. अंधारात खाकी दिसत नाही आणि दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, अशी शंका आता लोकांच्या मनात येते. सप्टेंबर २०२५ मध्ये विजयपूर जिल्ह्यातील चडचण येथे बँकेवर पडलेल्या दरोड्यातील माणसे लष्करी धाटणीच्या गणवेशात होती, ही बातमी आमच्या भागातही घरोघरी चर्चिली गेली. उद्या वडिलांनी खऱ्या पोलिसांनाच दरोडेखोर समजून चाप ओढला, तर?

अमेरिकेत नागरिकांकडे बंदुका पुष्कळ असल्याने तेथे असे प्रसंग घडून गेले आहेत. कोलोराडो राज्यातील आर्वाडा येथे २१ जून २०२१ रोजी एका हल्लेखोराने पोलीस अधिकाऱ्याला ठार केले. परवानाधारक असलेल्या एका नागरिकाने स्वतःच्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला गोळी घातली आणि नंतर हल्लेखोराची रायफल उचलून हातात घेतली. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाने ही रायफल पाहिली आणि त्या नागरिकालाच गोळी घातली. ज्याने पुढचा अनर्थ टाळला, तोच मारला गेला. दुसरी घटना न्यू मेक्सिकोतील फार्मिंग्टन येथील, एप्रिल २०२३ मधील आहे. घरगुती भांडणाच्या तक्रारीवरून पोलीस रात्री चुकीच्या घरी गेले. घरमालकाने हातात पिस्तूल घेऊन दार उघडले आणि त्याला जागीच गोळ्या घालण्यात आल्या. बाहेर पोलीस आहेत हे न कळल्याने त्याच्या पत्नीनेही बाहेरच्या दिशेने गोळ्या झाडल्या. शेतघरांना क्रमांक नसतात, पत्ता म्हणून "आंब्याच्या पुढचे घर" असे सांगितले जाते, त्या आमच्या शिवारात चुकीच्या घरी गाडी येणे अवघड आहे का?

ज्यांनी सैन्यात, पोलिसांत किंवा सुरक्षारक्षक म्हणून काम केले आहे, तसेच जे वकिली करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. "बंदूक विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नये. गवे आणि डुकरे रात्रीत उभे पीक आडवे करतात आणि हवेत बार काढल्याशिवाय ती हटत नाहीत.

निपाणीकर

मी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालो आणि नंतर बरीच वर्षे बँकेत बंदूकधारी रक्षक होतो. तुमच्या वडिलांवर आलेला प्रसंग आम्हा रक्षकांच्या मनात कायम असतो, कारण बँकेत दरोडा पडला आणि पोलीस आले, तर आत बंदूक घेतलेला माणूस म्हणून त्यांना पहिल्यांदा मीच दिसणार. म्हणून आमच्या शाखेत असे ठरले होते की, फोन करणाऱ्याने ठाण्याला पहिल्याच वाक्यात "आमचा रक्षक गणवेशात आहे, त्याच्याकडे बंदूक आहे, तो अमुक दाराशी आहे" हे सांगायचे. तुमच्या घरीही हेच ठरवा. ११२ वर बोलताना वडिलांचे नाव, अंगावरचे कपडे, ते उभे आहेत ती जागा आणि बंदूक परवान्याची आहे ही गोष्ट सांगा, आणि समोरच्याकडून ती पुन्हा वदवून घ्या. घरातल्या किंवा शेजारच्या एकाने रिकाम्या हातांनी, बॅटरी लावून, रस्त्यावर जीपच्या वाटेत उभे राहावे आणि पोलिसांना आधी त्याने गाठावे. तुमच्या शेजारच्या वहिनींनी जे शेवटच्या क्षणी केले, ते सुरुवातीलाच व्हायला हवे.

आता बंदुकीबद्दल. जीपचे दिवे दिसले आणि चोर पळालेले आहेत अशी खात्री असेल, तर दुनळी मोडायची, म्हणजे नळ्या सांध्यावर खाली वाकवून उघडायच्या, काडतुसे काढायची आणि मोडलेल्या स्थितीतच ती कट्ट्यावर किंवा जमिनीवर ठेवून चार पावले बाजूला व्हायचे. मोडलेली दुनळी लांबून, गाडीच्या उजेडातही ओळखू येते आणि तिच्यातून बार निघत नाही हे कोणत्याही पोलिसाला कळते. हात उघडे आणि दिसतील असे ठेवायचे. बंदूक खाली ठेवायला वेळच मिळाला नाही आणि हुकूम कानावर आला, तर वळायचे नाही. वळण्याने जीव जाऊ शकतो, कारण नळी माणसाबरोबर फिरते. पाय जागच्या जागी, बोट चापाबाहेर, नळी जमिनीकडे, आणि तोंडाने मोठ्याने आपले नाव सांगायचे. मग ते सांगतील तसे सावकाश करायचे. परवाना दाखवण्यासाठी खिशात हात घालायचा नाही. तो कोठे आहे हे फक्त सांगायचे, काढायचे असेल तर ते काढतील. समजावून सांगण्यासाठी पोलिसांच्या दिशेने चालत जाणे हीसुद्धा घातक सवय आहे. चोराचे पडलेले कोयते किंवा गावठी पिस्तूल उचलू नये. आर्वाडाची घटना तुम्हीच लिहिली आहे.

अजून एक. ज्या दिवसांत चोर आल्याच्या अफवा असतात, त्या दिवसांत गावकरी स्वतः काठ्या घेऊन फिरतात. शेजारच्या गावच्या शिवारात बंदूक घेऊन दिसलेल्या माणसाला पोलिसांच्या आधी त्यांचाच मार बसेल.

टिळकवाडी

मी बेळगाव न्यायालयात वकिली करते. निपाणीकरांनी व्यवहार सांगितला आहे, मी कायद्याची बाजू मांडते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे आणि तो शेजाऱ्याच्या जिवासाठी व मालमत्तेसाठीही वापरता येतो. मात्र या धाग्याशी सर्वांत जवळचे कलम ४३ आहे. चोरीच्या बाबतीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क, चोर माल घेऊन निसटेपर्यंत, माल परत मिळेपर्यंत किंवा सरकारी यंत्रणेची मदत मिळेपर्यंतच टिकतो. म्हणजे जीप अंगणात आली की मालमत्तेसाठी बंदूक हातात ठेवण्याला कायद्याचा आधारही जवळजवळ उरत नाही. चोर उसात पळाल्यावर त्यांच्या मागे झाडलेली गोळी तर बचावात बसवणे फार कठीण आहे. कलम ३७ नुसार, पोलीस सद्भावनेने आपले काम करत असताना, मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्यांच्याविरुद्ध हा हक्क नाही. समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर कायदा सूट देतो, परंतु "मला माहीत नव्हते" हे न्यायालयात पटवून देण्यात वर्षे जातात.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १९ खाली कोणताही पोलीस अधिकारी हत्यार बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकून न्यावी लागते, त्यामुळे रस्त्यावरून उघडी बंदूक घेऊन धावणे हाच एक भंग ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, निष्काळजीपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हवेत बार काढतानाही हे लक्षात ठेवावे. तुमच्या वडिलांचा परवाना पीक संरक्षणाचा आहे. त्यावर उद्देश आणि क्षेत्र लिहिलेले असते. शेजाऱ्याची जमीन त्या क्षेत्रात येते का, हे आजच वाचून पाहा, कारण अटींचा भंग झाल्यास कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यावर कलम १८ खाली अपील करता येते, पण दरम्यानच्या हंगामात पिकाची राखण बंदुकीविनाच करावी लागेल.

माझे स्पष्ट मत असे आहे की, स्वतःच्या घरात कोणी शिरत असेल तर दार लावून आत बंदूक बाळगणे एक वेळ समजण्यासारखे आहे, परंतु बाहेर जाऊन शोध घेणे हे परवानाधारकाचे काम नाही.

मलप्रभाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. परवाना काढून वाचला. क्षेत्राबाबत तुमची शंका बरोबर निघाली, शेजाऱ्यांचा सर्व्हे नंबर त्यात नाही. बीट पोलिसांना घरी बोलावून वडिलांची ओळख करून दिली आणि शेतघराचे ठिकाण त्यांच्या मोबाईलवर पाठवले. वाडीतल्या सर्वांनी मिळून, फोन कोणी करायचा आणि रस्त्यावर कोणी उभे राहायचे, हेही ठरवले.

परंतु वडील एकच विचारतात. "शेजारी बायकामुले ओरडत असताना मी दार लावून बसू का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय रात्री ते कानातले यंत्र काढून ठेवतात, त्यामुळे हुकूम ऐकू येण्याचा प्रश्न तसाच राहतो.

निपाणीकर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. बसू नका, जा, पण बंदूक कपाटात कुलपात ठेवून जा. चार घरांचे दिवे लागले, डबे वाजले, माणसे एकत्र ओरडत निघाली की चोर बहुधा थांबत नाही, आणि रिकाम्या हातांच्या म्हाताऱ्या माणसावर सहसा कोणी पोलीस पिस्तूल चालवत नाही. चोरांकडेच बंदूक असल्याचे दिसले किंवा बार ऐकू आला, तर मात्र कोणीच उघड्यावर जाऊ नये. शेजाऱ्यांना फोन करून आतून कड्या लावायला सांगावे आणि ११२ वरचा फोन चालू ठेवावा.

कानाचे म्हणाल, तर यंत्र उशाशी, बॅटरीच्या शेजारीच ठेवा आणि ते घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असे ठरवा. तुम्ही घरी असाल तेव्हा त्यांच्या उजव्या बाजूने चाला. पोलिसांचा हुकूम आला की तो तुम्ही त्यांच्या कानाशी सांगायचा, आणि दोघांनीही जागेवर थांबायचे.