लातूरमधील रिकामे गोदाम वस्तीच्या मालकीची शेती आणि केंद्र म्हणून उभे करता येईल का?

प्रश्न : एक रहिवासी, लातूर

आमच्या वस्तीत भुसार मालाचे एक जुने गोदाम बऱ्याच वर्षांपासून कुलूपबंद आहे. क्षेत्र सुमारे पाच हजार चौरस फूट असून मागे मोकळे अंगण आहे. मालक व्यापारी ते दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यास तयार आहेत. बचत गटांतील महिला, काही निवृत्त शिक्षक आणि गावाकडची शेती सुटल्यामुळे शहरात आलेली कुटुंबे एकत्र येऊन येथे धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम), रोपवाटिका आणि पालेभाज्या घेण्याचा, तसेच एका भागात भाजीविक्री, बियाण्यांची देवाणघेवाण आणि मुलांची अभ्यासिका चालवण्याचा विचार करत आहोत.

2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात भाजीसाठी पाणी कोठून आणणार, हा प्रश्न आमच्याच बैठकीत उपस्थित झाला आणि तो मला रास्त वाटतो. दुसरा प्रश्न मालकीचा आहे. हे सर्व वस्तीचे राहावे, चार पुढाऱ्यांचे होऊ नये, यासाठी ट्रस्ट करावा, शेतकरी उत्पादक कंपनी करावी की सहकारी संस्था? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : निवृत्त सहकार लेखापरीक्षक, परभणी

ताई, आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण मालकीचा कागद नीट नसेल तर उत्तम पीक आल्यावरच भांडण सुरू होते.

ट्रस्टमध्ये निर्णय विश्वस्तांच्या हाती असतात आणि वस्तीतील माणूस कायद्याने फार तर लाभार्थी ठरतो, भागधारक ठरत नाही. उत्पादक कंपनीत सभासद हा स्वतः उत्पादक असावा लागतो. त्यामुळे भाजी विकत घेणारे किंवा अभ्यासिकेत मुले पाठवणारे कुटुंब तिचे सभासद होऊ शकणार नाही. आपल्याला उत्पादक आणि ग्राहक दोघेही हवे आहेत, म्हणून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खालील नोंदणीकृत संस्था मला अधिक योग्य वाटते. नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा सभासद लागतात, भाग (शेअर) कितीही असले तरी मत एकच असते, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. हे सारे सभासदांनी खरोखर पाळले तरच संस्था वस्तीची राहते. आपल्या भागातील अनेक सहकारी संस्था सभासद सभेला येईनासे झाल्यामुळेच मोजक्या लोकांच्या ताब्यात गेल्या, हे मी कामाच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

जागेचा करार अकरा महिन्यांचा करू नये. पत्रे बदलणे, टाकी बांधणे, वाफे तयार करणे हा खर्च आपण करायचा आणि जागा सुधारल्यावर ती परत द्यायची, असे होऊ शकते. किमान दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा असावा, जागा विकायची झाल्यास ती प्रथम संस्थेला देऊ करण्याचे कलम त्यात असावे आणि मुदतीआधी जागा सोडावी लागल्यास सुधारणांची भरपाई कशी मोजायची हेही लिहिलेले असावे.

अनुदानाच्या भरवशावर पगार ठरवू नका. अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील विल ॲलन यांची ‘ग्रोइंग पॉवर’ ही शहरी शेतीची संस्था जगभर नावाजली गेली होती, तरीही कर्जाच्या ओझ्याखाली ती 2017 मध्ये बंद पडली. वीज, भाडे आणि मजुरी एवढे तरी विक्रीतून निघते का, हे दर महिन्याला सभासदांसमोर मांडावे.

प्रतिसाद : कृषी पदवीधर, नांदेड

काय लावायचे याआधी त्या गोदामात पूर्वी काय साठवले जात होते, याची चौकशी करावी. धान्याला कीड लागू नये म्हणून सेल्फॉसच्या (विषारी वायू सोडणाऱ्या) गोळ्या वापरल्या जात. त्यांचा वायू हवेत निघून जातो, पण उरलेली भुकटी हाताने गोळा करू नये. अधिक काळजी बीएचसी पावडरीची, म्हणजे एका जुन्या कीटकनाशकाची, आहे. तिच्यावर 1997 मध्ये बंदी आली, मात्र तिचे अंश मातीत आणि फरशीच्या भेगांत दीर्घकाळ टिकतात. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळते, कीडनाशकांचे अवशेष कळत नाहीत. ती तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. तोपर्यंत अंगणातील मातीत थेट काही न लावता बाहेरून आणलेली माती आणि गांडूळखत घालून उंच वाफे करावेत.

धिंगरी आपल्याकडे सोयाबीनच्या भुसकटावर चांगली येते आणि लातूरमध्ये भुसकटाची कमतरता नाही. तिला साधारण 20 ते 30 अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते, म्हणून पावसाळा आणि हिवाळा हाच तिचा हंगाम धरावा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर कूलर लावून ती जगवण्याचा अट्टहास वीजबिलात बुडवतो. बटन अळिंबीचा विचार तर या इमारतीत करूच नये. धिंगरीचे बीजाणू श्वासात गेल्याने काहींना दमा किंवा खोकला होतो, त्यामुळे तिची खोली अभ्यासिकेपासून पूर्ण वेगळी असावी आणि तोडणी करणाऱ्या महिलांना मास्क द्यावेत.

प्रतिसाद : स्थापत्य अभियंता, छत्रपती संभाजीनगर

भिंती दगड-मातीच्या आहेत की विटा-सिमेंटच्या, हे सर्वांत आधी तपासून घ्यावे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंतींनीच सर्वाधिक जीव घेतले. जेथे मुले बसणार आहेत तेथे संरचना तपासणीशिवाय कुलूपही उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

छत जुन्या सिमेंट पत्र्यांचे असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असते. ते कापू, घासू किंवा फोडू नये आणि झिजलेल्या पत्र्यांवरचे पाणी पालेभाज्यांना देऊ नये. शक्य असल्यास जाणकार ठेकेदाराकडून ते उतरवून रंगीत लोखंडी पत्रे बसवावेत. रोपवाटिकेच्या बाजूला काही पारदर्शक पत्रे घातल्यास उजेडाचा प्रश्नही सुटेल.

पाण्याचे गणित असे आहे. पाच हजार चौरस फूट म्हणजे सुमारे 465 चौरस मीटर. पाऊस 700 मिलिमीटर धरला आणि वाया जाणारा भाग वजा केला, तरी छतावरून वर्षाला अंदाजे 2.6 लाख लिटर पाणी मिळते. ते सगळे साठवण्याइतकी टाकी परवडणार नाही. मात्र पन्नास हजार लिटरची टाकी बांधून 100 चौरस मीटर वाफ्यांना ठिबकने रोज साडेचारशे लिटर दिले, तर फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत नळाच्या पाण्याला हात लावावा लागणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इमारतीची आणि मातीची तपासणी होईपर्यंत भागभांडवल गोळा करू नये, असे मी येत्या बैठकीत मांडणार आहे. टाकीचे पाणी मेच्या मध्यापर्यंतच पुरणार असल्याने त्यानंतर वाफे मोकळे ठेवून फक्त रोपवाटिका जगवावी, असेही मला वाटते. लेखापरीक्षक साहेबांना एकच विचारायचे आहे: ज्या कुटुंबांना भागाची रक्कम एकदम भरणे शक्य नाही, त्यांनी हप्त्याने भरल्यास त्यांना पहिल्या दिवसापासून मत देता येईल, अशी तरतूद उपविधीत (संस्थेच्या नियमावलीत) करता येते का? आमच्याकडे काम करायला सर्वांत आधी तयार झालेल्या महिला याच कुटुंबांतील आहेत.