मदत हवी आहे: पद्मिनी घाटात तापून बंद पडते, वॅगनआर का नाही?

घाटवाट: 1986 ची प्रीमियर पद्मिनी, सोलेक्स कार्बोरेटर, मूळ मेकॅनिकल पेट्रोल पंप. सपाटीला तक्रार नाही. भर उन्हात खंबाटकी चढताना आचके देते नि बंद. अर्ध्या तासाने मुकाट सुरू. टेंपरेचरचा काटा मधेच असतो. त्याच घाटात वॅगनआर एसी लावून चढते. कार्बोरेटर साफ झालाय, मेकॅनिक इंजिन उतरवू म्हणतोय. काय करावं?

फिटरपाना: इंजिन अजिबात उतरवू नका. वॅगनआरचा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि तिथून साधारण 3 बार दाबाने पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगालाच. तो मागच्या टाकीतून ओढतो, म्हणजे नळीत दाब हवेपेक्षाही कमी, वर ब्लॉकची धग. पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच चोखत बसतो.

पण आधी खात्री करा. बंद पडल्या पडल्या एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रॉटल हाताने झटकन उघडा. पेट्रोलची धार आली तर पेट्रोल आहे, दोष इग्निशनचा, म्हणजे ठिणगीचा: तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल. कंडेन्सर स्वस्त, तो आधी बदला. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप 0.4 ते 0.5 मिमीत ठेवा. धार नाही आली तर पंपावर ओलं फडकं टाका. पाचेक मिनिटांत सुरू झाली की समजा वाफच. (हे करताना कोणी विडी पेटवणार नाही एवढं बघा.)

घाटवाट: धार येत नाही, फडक्याने सुरू झाली. इलेक्ट्रिक पंप बसवू?

फिटरपाना: शेवटी. आधी टाकी ते पंप सगळे रबरी होज बदला, इथेनॉल चालणारेच घ्या. जुनं रबर E20 मध्ये (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) फुगतं, चिरतं. ओढणाऱ्या बाजूची चीर बाहेर गळतेच असं नाही, आत हवा घेते, म्हणून सापडत नाही. पंप आणि ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे का पाहा. बऱ्याचदा कोणीतरी काढून नुसतं गॅस्केट टाकलेलं असतं. नळी एक्झॉस्टपासून लांब न्या.

जुनीगाडी: इलेक्ट्रिक बसवलाच तर टाकीजवळ, आणि कार्बोरेटरसाठीचा, 2 ते 3 पीएसआयचा (म्हणजे जेमतेम 0.2 बार). इंजेक्शनच्या गाडीचा लावलात तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह तो दाब रोखणार नाही, पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर ओतलं जाईल. इंजिन थांबलं की पंप बंद करणारा रिले हवाच.