ऑल-माउंटन स्की: ९५ किलोच्या गड्याला कोणती?

लातूरकर_९५: राम राम मंडळी. वजन ९५ किलो, पाय दणकट, स्पीडची सवय, पण भाड्याची स्की जोरात वळवली की पुढचं टोक फडफडायलंय. आता स्वतःचीच घ्यावी म्हणायलोय, गुलमर्गचा दाबलेला बर्फ अन् वर अफरवट डोंगरावरची पावडर (भुसभुशीत ताजा बर्फ) दोन्हीला चालली पाहिजे, म्हणजे ऑल-माउंटन. काय घेऊ?

नांदेडचा_गडी: टोक फडफडतंय म्हणजे स्की मऊ पडायली तुला. आत टायटॅनलचे (कडक अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे) दोन पत्रे असलेली बघ, नॉर्डिका एन्फोर्सर १०० सारखी, कंबर (स्कीची मधली रुंदी) १०० मिमी, पावडरमध्ये तरंगती अन् कडक बर्फावरबी धरून राहती. जड असती मात्र, खांद्यावर घेऊन चालायची वेळ आली की नानी आठवती 😄

परभणी_एक्सप्रेस: पावडरच खेळायची असंल तर कंबर अजून रुंद घे ना, पण मग कडक बर्फावर ह्या कडेवरून त्या कडेवर जायला उशीर लागतो, मला नाही जमत बुवा. अन् बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) डिन आकडा, म्हणजे किती जोर पडल्यावर बूट सुटायचा ते, दुकानातच वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी बघून लावून घे. अंदाजानं स्क्रू पिळू नको, पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जातो.

लातूरकर_९५: उंची १८२ सेमी हाय, मग १८५ ची बघतो. बूट जुनेच चालतील का?

नांदेडचा_गडी: फ्लेक्स (बुटाच्या कडकपणाचा आकडा) किती हाय त्यांचा? १२०-१३० पाहिजे तुला. मऊ असले तर आधी बूट बदल, स्की नंतर.