मदत हवी आहे: 'हम पाँच'मधल्या फोटोचं बोलणं बीनाला ऐकू येत होतं का?

नमस्कार मंडळी,

'हम पाँच' ज्यांनी मन लावून पाहिली आहे त्यांची मदत हवी आहे. भाऊबीजेच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल. कारण पुढे येईलच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झी टीव्हीवर १९९५ ते १९९९ चाललेली ही एकता कपूरच्या बालाजीची मालिका. अशोक सराफ म्हणजे आनंद माथुर, शोमा आनंद त्याची दुसरी बायको बीना, आणि घरात पाच मुली. मीनाक्षी, राधिका, स्वीटी पहिल्या बायकोच्या. काजल आणि छोटी बीनाच्या. पहिली बायको वारली आहे, पण भिंतीवर तिचा फोटो आहे आणि तो आनंदशी बोलतो. चांगला टोमणे मारतो. फोटोत प्रिया तेंडुलकर. घरात दुसऱ्या कोणाला त्यातलं काही ऐकू येत नाही, असं आपण सगळे धरून चालतो. माझा प्रश्न त्या धरून चालण्याबद्दलच आहे.

आमच्या मिरजेच्या घरी असाच एक फोटो आहे. बाबांच्या पहिल्या पत्नीचा. आम्ही तिला मोठी आई म्हणतो. ताई सहा वर्षांची असताना ती गेली. दोन वर्षांनी बाबांनी माझ्या आईशी लग्न केलं, मग मी झाले. म्हणजे मालिकेच्या हिशेबात ताई मीनाक्षीच्या बाजूची आणि मी छोटीच्या. पण तेव्हा असा हिशेब आमच्या डोक्यातही आला नव्हता. मालिका लागली की आई शेंगा सोलायला घेऊन टीव्हीसमोर बसायची, ताई मांडीवर पुस्तक उघडं ठेवून, बाबा खुर्चीत. अशोकमामा हिंदीत गेले याचंच बाबांना केवढं कौतुक! फोटो बोलायला लागला की बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे आणि आई मान खाली घालून सोलत राहायची. तिला तो भाग आवडत नसावा, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आता भिंतीवर दोन फोटो आहेत. आई दर गुरुवारी दोन्ही पुसते आणि हार बदलते. गेल्या महिन्यात ताई आणि मी एकाच वेळी घरी होतो, तेव्हा तिघींनी मिळून नेटवर सापडले तेवढे भाग पाहिले आणि वाद सुरू झाला.

ताई म्हणते, ती बाई खरीच तिथे आहे. आनंदच्या मनातली असती तर त्याच्या बाजूनं बोलली असती. माणूस मनातल्या मनात स्वतःला टोमणे मारून घेत नाही.

मला ते पटत नाही. माणूस सगळ्यांत जास्त टोमणे स्वतःलाच मारतो. त्या घरात काय चाललेलं असतं बघा. मीनाक्षी बायकांच्या हक्कांसाठी भांडते आहे, राधिकाला नीट ऐकू येत नाही, स्वीटी आरशासमोरून हलत नाही, काजल 'भाई' होऊन गल्लीत दादागिरी करते, छोटी इकडच्या बातम्या तिकडे नेते, आणि या सगळ्यांत बीनाचं स्वतःचं काहीतरी चालू असतं. आनंदचं बोलणं पुरं ऐकून घेणारं कोणीच नाही. म्हणून त्यानं एक ऐकणारी तयार केली. ती बोलते ते त्याचंच मन बोलतं.

जाता जाता एक गोष्ट, जी मला या वेळी पहिल्यांदा दिसली. आई गेलेल्या तिघींपैकी प्रत्येकीनं स्वतःभोवती काहीतरी उभं केलं आहे: एकीनं लढा, एकीनं जाड भिंगांचा चष्मा आणि पुस्तकं, एकीनं सौंदर्यस्पर्धेचं स्वप्न. आई हयात असलेल्या दोघी मात्र सतत घराबाहेर, लोकांत. लेखकानं हे ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. पण ताईनं शाळेची सगळी वर्षं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही हे मी पाहिलं आहे, त्यामुळे राधिकाकडे बघून आता मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

तर आमचा वाद असा रंगला होता आणि आई नेहमीसारखी शेंगा सोलत होती. मध्येच ती म्हणाली, "बीनाला सगळं ऐकू येत होतं. ती दाखवायची नाही."

आम्ही दोघी गप्प झालो. पुढे तिनं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. ते खरं मानून मालिका पाहिली तर बीना ही वेगळीच बाई दिसते. जरा बावळट, तोंडाळ, नवऱ्याच्या मागे लागणारी बायको म्हणून आपण तिला पाहिलं. पण नवरा रोज भिंतीशी बोलतो हे कळूनही जिनं तो फोटो उतरवला नाही, सवतीच्या तीन मुली आणि आपल्या दोन यांच्यात कधी वाटणी केली नाही, तिला बावळट कसं म्हणायचं?

मला हे हवं आहे:

१. आनंद खोलीत नसताना फोटोतली बाई बोलली किंवा तिच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला, असा प्रसंग आठवतो का? असेल तर माझी थिअरी तिथेच संपली आणि ताई जिंकली.

२. आनंदला माहीतच नाही अशी गोष्ट फोटोनं त्याला आधी सांगितली आणि ती नंतर खरी निघाली, असं कुठे आहे का?

३. सगळ्यांत महत्त्वाचं. बीना फोटोकडे बघते, तिच्याशी बोलते, किंवा फोटो बोलत असताना हातातलं काम थांबवते, असं काही?

भाऊबीजेला ताईकडचे सगळे मिरजेला येणार आहेत. तेव्हा असे दोन-तीन भाग काढून आईसोबत बसून पाहायचे आहेत.

---

प्रतिसाद: गच्चीवरचा

धागा आवडला. उत्तर देणाऱ्यांना एक विनंती: प्रसंगात राधिका कोण होती तेही लिहा. ती भूमिका विद्या बालन आणि अमिता नांगिया अशा दोघींनी केली आहे. भागाचा क्रमांक कोणालाच आठवत नसतो, पण राधिकेचा चेहरा आठवतो. तेवढ्यावरून शोधायचा ढीग अर्धा होईल. २००५ साली मालिका पुन्हा नव्यानं आली होती, तीही वेगळी ठेवा, नाहीतर पुरावे एकमेकांत मिसळतील.

प्रतिसाद: विंगेतून

नाटकात काम करतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. तुमचा पहिला प्रश्न बरोबर आहे, पण तो पुरेसा नाही. फोटो हलताना आपल्याला दिसतो तेव्हा कॅमेरा कोणाच्या नजरेनं पाहतो आहे ते बघा. आनंदची पाठ फोटोकडे असताना तिचा चेहरा बदलला, तर तो बदल आनंदनं पाहिलेला नाही, फक्त प्रेक्षकानं पाहिला. तो खोलीत असूनही तुमची थिअरी अडचणीत येते.

बीनासाठी शोमा आनंदचा चेहरा बघू नका, हात बघा. ऐकणारी व्यक्ती रंगमंचावर हातांवरून कळते. तुमच्या आईंचं लक्ष तिथेच गेलं असेल, असं मला शेंगांचं वाचून वाटलं.

आणि अशोक सराफ. समोर अख्खा माणूस नाही, नुसती चौकट. तरी तो माणूस समोरच्याला वाक्य पुरं करायला जागा देतो. बोलणारी तिथे नाही असं त्यांनी एकदाही खेळलेलं नाही. म्हणून माझं मत ताईंना.

प्रतिसाद: रांगोळी

प्रिया तेंडुलकरांमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९८५ मध्ये दूरदर्शनवरच्या 'रजनी'नं त्यांना घराघरांत नेलं होतं. अन्याय दिसला की समोरच्याला जाब विचारणारी गृहिणी. दहा वर्षांनी तीच बाई चौकटीत बसली आणि तिचा आवाज एका नवऱ्यापलीकडे जाईना. ज्या घरांनी 'रजनी' पाहिली होती त्यांना हा फोटो गप्प बसणार नाही हे आधीच ठाऊक होतं. मीनाक्षी भांडते तेव्हा मला ती आईवर गेली आहे असंच वाटतं. कोणी सांगितलेलं नाही, माझी थिअरी.

सप्टेंबर २००२ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर हे भाग लागले की माझ्याच्यानं फोटोकडे फार वेळ बघवत नाही.

प्रतिसाद: तिसरा मजला

मला थिअरी वगैरे फारशा पटत नाहीत. विनोदी मालिका दर आठवड्याला लिहिली जाते, फोटोचे नियम कोणी वहीत मांडून ठेवत नाही. एका भागात तुमच्या बाजूचं सापडेल, दुसऱ्या भागात ताईंच्या. पण तुमच्या आई जे म्हणाल्या ते मालिकेबद्दल नव्हतं असं मला वाटतं. भाग शोधत बसण्यापेक्षा त्यांनाच विचारा.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'गच्चीवरचा', राधिकेची खूण फार उपयोगी आहे, त्याप्रमाणे यादी करायला घेतली आहे. 'विंगेतून', काल रात्री तीन भाग फक्त हात बघत पाहिले. ठाम सांगण्यासारखं अजून काही मिळालेलं नाही, शोध चालू आहे. 'रांगोळी', मीनाक्षीबद्दलचं ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

'तिसरा मजला', तुमचा प्रतिसाद आधी टोचला, खोटं कशाला सांगू. पण आज सकाळी आईला फोन केला. मोठ्या आईबद्दल थेट विचारायचा धीर झाला नाही, म्हणून मालिकेबद्दलच विचारलं, की बीनाला ऐकू येत होतं तर तिनं एकदाही उत्तर का दिलं नाही?

आई म्हणाली, "उत्तर दिलं असतं तर त्यानं बोलणं थांबवलं असतं."

मग तिनं फराळाचं काय काय करून ठेवू ते विचारलं. मी चकल्या सांगितल्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून हवंच आहे. कोणाला एकही प्रसंग आठवला तर अर्धवट का होईना, लिहा. भाग शोधायचं काम मी करीन.