शब्दचर्चा: डुकराला लस देऊन ‘खच्ची’ करणे, मराठीत काय म्हणावं?

विचारणा (कोल्हापूर)

वराहपालकांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. ‘इम्युनॉलॉजिकल कॅस्ट्रेशन’ला आधी ‘रोगप्रतिकारशास्त्रीय निर्बीजीकरण’ लिहिलं. कागलकडे मामांचं डुकरांचं शेड आहे, त्यांना वाचून दाखवलं. खाद्याची बादली खाली ठेवून ते म्हणाले, "कुठला रोग आलाय म्हणतोस?" एवढ्या लांबलचक शब्दातला ‘रोग’ तेवढा त्यांच्या कानाला लागला. चूक त्यांची नाही, माझ्या शब्दाची.

आपल्याकडे या कामाला शब्द कमी नाहीत. बैल बडवतात, ठेचतात, हल्ली चिमटा लावतात. डुकराच्या पिल्लाचे आंड काढतात. प्रत्येक शब्दात हाताचं काम दिसतं. इथे तर काही कापायचंच नसतं. मेंदूतून जीएनआरएच नावाचं संप्रेरक निघतं, ते पीयूष ग्रंथीला जागं करतं आणि ती वृषणांना. लस दिली की डुकराचं शरीरच या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतं आणि निरोप वाटेतच अडतो. टेस्टोस्टेरॉन उतरतं, वृषणं लहान होतात, शुक्रजंतू बनणं मंदावतं, नरांची मारामारी आणि एकमेकांवर चढणं कमी होतं. मग ‘नसबंदी’ म्हणू का?

प्रतिसाद (गडहिंग्लज, पशुवैद्यक)

‘नसबंदी’ अजिबात नको. नसबंदीत फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते, वृषण मात्र टेस्टोस्टेरॉन बनवत राहतं. डुकराच्या बाबतीत खरी अडचण वासाची आहे. वयात आलेल्या नराचं मांस शिजवताना उग्र वास मारतं. या वासामागे दोन द्रव्यं. पहिलं अँड्रोस्टेनोन, ते वृषणात बनून चरबीत साठतं. दुसरं स्कॅटोल, ते मोठ्या आतड्यातले जंतू बनवतात. एरवी यकृत त्याचा निकाल लावतं, पण नराच्या संप्रेरकांमुळे ते काम मंदावतं. नसबंदीने यातलं काहीच थांबत नाही. हा शब्द छापलात तर पालकाची फसगत होईल.

आणखी एक. ‘लस’ म्हटलं की एकदा टोचली, झालं, असा समज होतो. पहिल्या टोचणीने शरीराची नुसती तयारी होते. दुसरी किमान ४ आठवड्यांनी द्यायची, तीही कत्तलीच्या ४ ते ६ आठवडे आधी. खरा परिणाम तिच्यानंतर दिसतो. सुई स्वतःला लागू नये म्हणून जपायला हवं, हेही ठळक छापा. माणसाच्या अंगातही हेच जीएनआरएच संप्रेरक असतं. अँड्र्यू शॅली या शास्त्रज्ञांनी १९७१ साली त्याची रचना उलगडली ती डुकरांच्याच मेंदूतून. १९७७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ही लस ऑस्ट्रेलियात १९९८ पासून आहे, युरोपीय संघात २००९ पासून.

प्रतिसाद (कसबा बावडा)

‘खच्ची’ अरबी-फारसी ‘खसी’वरून आला. तो आता इतका पक्का झालाय की वर्तमानपत्रात माणसाच्या मनाचंही ‘खच्चीकरण’ होतं. पण खच्ची झालेला बैल परत वळू होत नाही, हे त्या शब्दात गृहीत आहे. तुमच्या लशीचा परिणाम कायमचा आहे का?

विचारणाऱ्याकडून

कायमचा नाही. पुढची मात्रा दिली नाही तर प्रतिपिंडे ओसरतात आणि वृषणं हळूहळू पुन्हा कामाला लागतात. म्हणून ‘खच्ची’ मलाही खटकत होतं.

काल पुन्हा शेडवर गेलो. या वेळी शब्द न सांगता नुसती प्रक्रिया सांगितली. मामांनी डुकरांकडे बघतच ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे नर थोपवायची लस." पाटाचं पाणी थोपवतात, तसं. कापणं नाही, ठेचणं नाही, आणि कायमचंही नाही. माहितीपत्रकाच्या मथळ्यात ‘नर थोपवणारी लस’ टाकतोय, खाली एका ओळीत ‘लशीने तात्पुरतं खच्ची करणे’.

चंदगड, आजऱ्याकडे ‘थोपवणे’ जनावराच्या बाबतीत वापरतात का? तिकडे दुसरा शब्द असेल तर छपाईला जायच्या आधी कळवा.