अनुभव धागा: पाहिली आणि डोक्यात घर करून बसली अशी एखादी वस्तू

राणीबागवाली: काल भाच्याला पेंग्विन दाखवायला राणीबागेत नेलं. पेंग्विन झाले, आइस्क्रीम झालं, आणि निघताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती दिसला. लहानपणी आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसू. मग एकदा बाबांनी सांगितलं, हा मूळचा घारापुरीचा. १८६४ साली साहेबाने त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे तुकडे. १९१४ मध्ये ते सांधून इथे उभा केला. जवळ जाऊन बघा, जोडकाम दिसतं. भाचा म्हणाला, "मग परत का नाही ठेवला बेटावर?" काय सांगणार!
तुमचंही असं काही असेल तर लिहा. संग्रहालयच पाहिजे असं नाही.

गिरगावकर: खरा काळा घोडासुद्धा तिथेच आहे, वर बसलेल्या राजा एडवर्डसकट. १९६५ला फोर्टातून हलवला. फोर्टात आता आहे तो २०१७चा, बिनस्वाराचा. मधली पन्नास वर्षं तिथे घोडा नव्हता, पण टॅक्सीवाल्याला "काळा घोडा" म्हटलं की बरोब्बर नेऊन सोडायचा.

नंदा_ठाणे: बुधवारी बंद असतं हो सगळं. पाहुणे घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

स्लो_लोकल: प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये २०१२ला ब्रिटिश म्युझियमची ममी आली होती, आठवतंय का कुणाला? नेस्पेरेन्नूब नावाचा पुजारी, कर्नाकच्या देवळातला. पेटी न उघडता सीटी स्कॅन केलेला, आणि ते थ्रीडी चष्मा लावून बघायचं. तर त्याच्या डोक्याला मागून मातीचं एक वाडगं चिकटलेलं! ममी करताना राळ ओततात, तिचा ओघळ धरायला ठेवलं असणार, राळ सुकली, वाडगं निघेना. तसंच गुंडाळून टाकलं बिचाऱ्याला. सोनंनाणं विसरलो, वाडगं विसरलो नाही.

रीमा_डोंबिवली: 😂😂 पावणेतीन हजार वर्षांनी पकडले गेले. आमच्या सोसायटीचं वॉटरप्रूफिंग याच लोकांनी केलंय.

स्लो_लोकल: @रीमा, स्कॅन करून घ्या, घमेलं सापडेल.

वसईकर: नालासोपाऱ्याचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. तिथल्या बुरूड राजाच्या कोटात १८८२ला भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक डब्या, सगळ्यात आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याच्या खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. हे सगळं टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, टाउन हॉलच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांना पत्ता नसतो. अशोकाचा तिथलाच शिलालेख प्रिन्स ऑफ वेल्समध्ये. पुढचं नंतर, गाडी आली.

विरार_फास्ट: अशोकाच्या माणसांना चढायला तरी मिळत असेल सोपाऱ्याला.

सुलभाताई: वस्तू नाही, पत्रिका. आमच्या मोठ्या आत्यांच्या लग्नाची. मुहूर्तापुढे "स्टँ. टा." छापलंय. सुनेने विचारलं हे काय? अगं, मुंबईचं घड्याळ तेव्हा वेगळं होतं, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे. म्युनिसिपालिटीने तर १९५५पर्यंत सोडलं नाही. पत्रिकेत लिहिलं नाही तर अर्धी वऱ्हाडी मंडळी अक्षता पडल्यावर यायची. डाळ शिजली वाटतं, थांबा.

गिरगावकर: आमच्या सासुरवाडीला अजून मुंबई टाइमच आहे.

नंदा_ठाणे: ताई, पत्रिकेचा फोटो टाका ना.

सुलभाताई: कपाटात वर आहे. मुलगा आला की काढायला सांगते. मला स्टुलावर चढायला बंदी आहे.

अंधेरी_पश्चिम: गिल्बर्ट हिल. रोज खिडकीतून दिसायची, झोपड्या नि टॉवरच्या मधे उभा काळा कातळ. भूगोलाच्या बाईंनी वर नेलं तेव्हा कळलं की हा लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थंड होताना उभे खांब पडलेला. दोनशे फूट. अमेरिकेत असाच एक आहे तो बघायला लोक विमानाने जातात. इथे पायथ्याशी कपडे वाळत घातलेले. वर गावदेवी आहे म्हणून तरी टिकला, माझं मत.

रीमा_डोंबिवली: वर जायला जिना आहे का? आईचे गुडघे...

अंधेरी_पश्चिम: कातळातच पायऱ्या आहेत, चढ उभा आहे. सकाळी लवकर न्या, नंतर दगड तापतो. आणि गाडी नेऊ नका, गल्लीत वळत नाही.