बारा वर्षांखालच्या पोरांना मोठ्या मैदानात अकरा-अकरा खेळवणं बंद करा

मधली_फळी :
बारा वर्षांखालच्या स्पर्धा आपल्याकडे अजूनही कितीतरी ठिकाणी पूर्ण मैदानात, पूर्ण गोलपोस्ट लावून आणि पाच नंबरच्या चेंडूने घेतल्या जातात. माझ्या मते यात पोरं फुटबॉल शिकत नाहीत, नुसती पळतात.

१०५ बाय ६८ मीटरच्या मैदानात एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. सात-सातसाठी ५५ बाय ३७ आखलं, तर १४५. मोठ्या मैदानावर लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) अर्धा सामना कमरेवर हात ठेवून उभा असतो, आणि चेंडू आला की घाबरून बाहेर मारतो.

गोलकिक बघा, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्याच गोलसमोरून मारायची किक. दहा वर्षांच्या पोराची किक जेमतेम २०-२५ मीटर जाते, म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या जरा पुढे. तिथे समोरचे तिघं टपून बसलेले. मग प्रशिक्षक सगळ्यात दांडग्या पोराला हाक मारतो, 'तू मार, लांब!' मागून पास खेळत यायचं शिक्षण तिथेच संपलं.

पोस्ट ७.३२ बाय २.४४ मीटरची. साडेचार फुटी कीपरने हात वर केले, तरी बोटं १७५ सेंमीच्या आसपास पोचतात. वर जवळजवळ ७० सेंमी मोकळं. त्यामुळे फॉरवर्ड एकच गोष्ट शिकतो : लांबून उचलून टाकायचं. पंधराव्या वर्षी समोर पावणेसहा फुटी कीपर येतो आणि तोच फटका अलगद धरतो. गोल करणारा पोरगा अचानक 'फॉर्म गेला' म्हणून बाकावर बसतो. फॉर्म नव्हताच, पोस्ट मोठी होती.

दहापर्यंत सात-सात, चार नंबरचा चेंडू (३५० ते ३९० ग्रॅम, पाच नंबरचा ४१० ते ४५०), १२ बाय ६ फुटांची पोस्ट. अकरा-बाराला नऊ-नऊ. तेरापासून अकरा-अकरा. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं साधारण अशाच पायऱ्या होत्या.

तालीमवाला :
साफ असहमत. कागदावर छान दिसतं. पण शालेय स्पर्धेचा पहिला गट १४ वर्षांखालचा, आणि तो पूर्ण मैदानात. तुमचा नऊ-नऊवाला पोरगा जूनमध्ये सातवीत जातो आणि पावसाळ्यात, चिखलात, तालुक्याच्या सामन्यात उतरतो. त्याला मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारा ३० मीटरचा क्रॉस फील्ड पास दिसतच नाही, कारण तो त्याने कधी बघितलेला नाही. चौघा बॅकनी एकमेकांत १०-१२ मीटर अंतर राखत एकत्र सरकणं, स्टॉपर (मधला बचावपटू) पुढे गेला की दुसऱ्याने मागे कव्हर देणं, हे आठ दिवसांत येत नाही.

आणि कोल्हापूरची पोरं मोठ्या मैदानावरच घडली. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तो काय खेळण्यातल्या पोस्टवर शिकला?

मधली_फळी :
अनिकेत लहान वयातच पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. रोजचा सराव, ठरलेला आहार, प्रशिक्षक. ते श्रेय मैदानाच्या लांबीला देऊ नका. एकावरून नियम काढायचा, तर त्याच मैदानावरून बाराव्या-तेराव्या वर्षी गळालेली पोरंही मोजायला हवीत.

जाळीबाहेर :
दोघंही खरा घोटाळा सोडून बोलताय. पुण्या-मुंबईत आज 'छोटं मैदान' म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं टर्फ. चारी बाजूंनी जाळी. चुकलेला पास जाळीला आपटून परत पायात येतो, म्हणजे चुकीची शिक्षाच नाही. थ्रो-इन नाही, कॉर्नर नाही, ऑफसाइड (बचावफळीच्या मागे जाऊन पासची वाट बघायला मनाई) नाही. कडेने खेळणाऱ्या विंगरला रेषेचं भान येत नाही. खऱ्या मैदानात तो चेंडू घेऊन सरळ बाहेर जातो आणि पंचांकडे बघत राहतो. शिवाय कृत्रिम गवतावर चेंडू कसा उसळणार ते आधीच कळतं. मुरमाच्या मैदानावर तोच पोरगा पहिल्या टचला फसतो, चेंडू नडगीला लागून तीन मीटर पुढे.

छोटं मैदान हवं, पण फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखलेलं. बाहेर गेला तर बाहेर.

डावखुरी :
मधली_फळी यांच्याशी सहमत, पण कारण वेगळं. मोठ्या मैदानात निवड अंगकाठीवर होते. वयोगटाची रेषा १ जानेवारीला धरली, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला पोरगा एकाच गटात, अंतर जवळपास वर्षाचं. अकराव्या वर्षी एवढं अंतर खांद्यावर दिसतं. १०५ मीटर पळायचं म्हटल्यावर प्रशिक्षक जानेवारीवालाच घेणार. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास. तोवर डिसेंबरवाला क्रिकेटला गेलेला असतो. (अवांतर : वयचोरीमुळे हे अंतर एकाचं दोन वर्षंही होतं, पण तो वेगळा धागा.)

दुसरं, टाचा. दहा ते तेरा वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते. टणक मैदान, बुटाच्या तळाचे टोकदार स्टड आणि लांब पल्ल्याचं पळणं एकत्र आलं की टाचेच्या मागे दुखायला लागतं, पोरगा चवड्यावर लंगडतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर ओरडला, तर पळणं कमी करा, पोटरीचं स्ट्रेचिंग द्या, टणक मैदानावर स्टडऐवजी बारीक रबरी दाण्यांचे बूट घाला. 'घाबरतोय' म्हणून आणखी दोन चकरा मारायला लावू नका.

तालीमवाला :
टाचेचं मान्य. पण मैदान कुठून आणायचं? गावात एक मैदान, त्यावर सकाळी पोलीस भरतीवाले, संध्याकाळी सीनियर संघ. जर्मनीने २०२४-२५ पासून लहानग्यांना छोट्या मैदानांवर, गुणतक्त्याशिवाय खेळवणं बंधनकारक केलं, तर तिथल्याच बड्या लोकांनी टीका केली की पोरांना हरायची सवयच राहणार नाही. आपल्याकडे तर नॉकआउटशिवाय प्रेक्षक थांबत नाही.

फक्कीवाला :
मैदान आहे तेच पुरतं. पेनल्टी बॉक्सची पुढची रेषा ते समोरच्या बॉक्सची पुढची रेषा, हे अंतर ७२ मीटर. नऊ-नऊची लांबी आयती मिळाली. रुंदी ४६ धरून दोन लांब रेषा फक्कीने मारा, झालं. सात-सातसाठी आडवं वळा : ६८ च्या रुंदीत ५५ लांबी बसते, आणि शेजारी-शेजारी दोन मैदानं निघून एका बाजूला कीपरच्या सरावाला पट्टा उरतो. हलवता येणारी पोस्ट मात्र मागच्या पाइपवर वाळूच्या गोण्या टाकल्याशिवाय उभी करू नका. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि पोस्ट पुढे कोसळते.

आठ संघांच्या नॉकआउटमध्ये सामने सात, आणि चार संघ एकच सामना खेळून घरी. चार-चारचे दोन गट केले तर बारा सामने, प्रत्येकाला किमान तीन. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, बदलासकट अर्धा तास धरा. दोन मैदानांवर तीन तासांत गट संपतात. संध्याकाळी फायनल ठेवा, प्रेक्षकही थांबेल.

तालीमवाला :
७२ मीटरचं डोक्यात आलं नव्हतं. नऊ-नऊ चालेल, पण ऑफसाइडसकट आणि दोन्ही बाजूंना लाइन्समन ठेवून. गोलकिकला विरोधी संघाला मधल्या रेषेच्या मागे पाठवायचा तो परदेशी नियम मात्र नको. दबावाखाली पास द्यायला कधी शिकणार मग?

मधली_फळी :
लाइन्समन मान्य. सतरा वर्षांखालची पोरं उभी करा, त्यांचंही ऑफसाइड पक्कं होईल. गोलकिकचा नियम फक्त सात-सातला ठेवू, नऊ-नऊला काढून टाकू.

तालीमवाला :
सात-सातलाही नको. तिथे कीपरने हाताने टाकावा.